मनकर्णा माहेरी आणि चाकं केडगावला

…आता गोल असलं म्हंजे झालं का हो चाक? तुमीच सांगा. पन आमच्या सोनईच्या गहिनीनाथला कोन सांगनार? त्याच्या त्या जुन्या पिकपची चार चाकं चार मापाची, गाडी चालायची ती पायात काटा मोडल्यागत, अन् त्यातच बायकोला, मनकर्णाला, जरीचं लुगडं नेसवून लग्नाला घेऊन निघाला… वाटंत टायर फुटला, अन् ती बिचारी सगळ्या वऱ्हाडादेखत गाडी ढकलत मांडवात पोचली. तिथनंच भावासंगं माहेरी, बेलापूरला. जाताना एवढंच म्हनली, "चाकं नीट बसवा, मग न्यायला या."

झालं. तुमाला सांगतो, महिनाभर हातानं भाकरी थापली त्यानं. भाकरी कसली, तालुक्याचा नकाशा! शेवटी उठला अन् केडगावला छगनच्या दुकानात जाऊन हुबा राह्यला. छगन जुनी चाकं इकायचा, भला मानूस. मापं घेऊन म्हनला, "पाव्हनं, ही बारकी न्या. तुमच्या गाडीच्या मापाची हायेत." पन गहिनीनाथची नजर कोपऱ्यातल्या ट्रकच्या चाकांवर. काळीभोर, कमरंएवढी उंच…

"सासुरवाडीला जायचंय, बारकी चाकं घेऊन जाऊ व्हय?"

"बोल्ट बसतील वो, पन डावीकडं वळताना टायर घासंल."

"गोल हायेत ना? मंग झालं."

म्हंजे बघा, गोल असलं म्हंजे चाक!

बसवली. गाडी अशी उंच झाली की सोताच्या गाडीत चढायला त्याला दगड लागला. बेलापूरपतुर सरळ रस्ता, लई ऐटीत गेला. सासऱ्याचं घर पेठंच्या कोपऱ्यावर, अंगन डाव्या हाताच्या बोळात. यानं ष्टेरिंग डावीकडं फिरवलं, अन् चर्रर्र… टायर मडगार्डाला. गाडी वळंना. दुसरा मानूस दारात थांबला असता, उतरून चालत गेला असता. पन न्हाई. गाडी अंगनात लावीन तरच उतरीन! मग काय, उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं, पेठंला येढा घालून परत त्याच कोपऱ्यावर. परत चर्रर्र, परत पुढं.

वट्ट्यावर सासूबाई, बनुबाई. त्या आत बघून म्हनत्यात, "मने, जावई आलाय वाटतं. पन थांबंना गं." दुसऱ्या येढ्याला म्हनत्यात, "रागावलाय का काय?" तिसऱ्या येढ्याला त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मनकर्णा दारात. गाठोडं कवाच बांधून ठेवलेलं, तेबी आईच्या चोरून. तीनदा नवरा डोळ्यादेखत निघून गेला. चौथ्या येढ्याला ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन हुबी राह्यली. त्यानं कचकन ब्रेक मारला.

"न्यायला आलाय का गाडी दाखवायला?"

"न्यायला. पन… डावीकडं वळत न्हाई."

तिनं चाकाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. घामानं निथळत हुता. भावानं आनलेल्या पाटावर पाय दिऊन वर चढली, गाठोडं मांडीवर घेतलं अन् म्हनली, "चला उजवीकडनं."

दर डाव्या वळनाला उजवीकडनं येढा घालत, सकाळची निघाल्याली दोघं दिवेलागणीला घरी पोचली. पन काय बोलली म्हनता त्या फेऱ्यात… लगीन झाल्यापासनं येवढी बोलली नसतील. आता चाकं बदलायचं नाव काढलं की मनकर्णाच म्हनती, राहू द्या की. अन् गहिनीनाथ? त्याला डावीकडं कुठं जायचं असलं, की तो मुकाट्यानं सायकल काढतो.