पूर्वेच्या उताराचे आकडे

नाही नाही, बसा मिस्टर ट्रॅस्क, अल्डन येतीलच — माझे सासरे हो, गावात गेलेत, पंपाचा कसला तरी वायसर आणायला, आणि एप्रिलातल्या चिखलात गावात जाऊन येणं म्हणजे... गाडी रुतली नाही तर जेवणापर्यंत येतील. सौद्यावर सही तेच करणार. तुमची करवत काही पळून जात नाही, आणि पूर्वेच्या उतारावरची मेपलची झाडंही नाहीत. कॉफी घ्या. अंधार वाटतोय का? वाटणारच — दिवा सासूबाईंनी घालवलाय. तुम्ही आत आलात, त्या बाहेर गेल्या, जाताना बटण दाबलं. तुम्ही दिसला नाहीत असं नाही. पण दिवसाढवळ्या माणसाला स्वतःचा कप सापडतो, असं त्यांचं मत आहे. आख्ख्या व्हरमाँटचंच आहे म्हणा, पण आमच्या व्हर्नाबाई त्यात पहिल्या. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी आंघोळीला असताना पाण्याचा बॉयलर बंद झाला. ‘मला वाटलं, तुझं झालं असेल.’ मी या घरात फारशी बोलतच नाही — आज तुम्हीच सापडलात.

हे? हा नुसता लॅपटॉप. खरं मशीन इथे नाहीच — दूर कुठेतरी एका कंपनीच्या गोदामात हजारो संगणक मांडलेत, त्यातला एक आम्ही भाड्याने घेतलाय. झाडांना लावलेल्या नळ्यांतून सिरपसाठी किती रस येतो ते रानातले सेन्सर मोजतात आणि थेट तिकडे पाठवतात, हंगामभर. वेस म्हणाला — माझा नवरा — तुला संगणकातलं कळतं, तूच बघ. म्हणजे घरात जे कुणालाच नको ते सुनेकडे. तर त्या मशीनला दोन डिस्क. एक कायमची, जरा सुस्त. दुसरी चपळ, भाड्यातच मिळणारी, आणि तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं — तात्पुरती. आता तात्पुरतं म्हणजे काय? आम्ही दोघं वरच्या खोलीत तात्पुरतेच राहतोय. मी वाचलं आणि सोडून दिलं, सगळं त्या चपळीवर ठेवलं. मशीन कितीदा रीस्टार्ट केलं, आकडे जिथल्या तिथे. मग माणूस विश्वास ठेवतोच.

रीस्टार्ट आणि बंद यात फरक काय? सोपा आहे हो. समजा तुम्ही मोटेलात उतरलात. रीस्टार्ट म्हणजे डुलकी काढून उठलात — खोली तीच, उशीखालचं घड्याळही तिथेच. पण मशीन बंदच केलं, म्हणजे किल्ली काउंटरवर ठेवून तुम्ही निघालात. परत आलात तर खोली मिळते, नीटनेटकी, टॉवेल घडी केलेले — फक्त ती दुसरीच खोली असते. तुमची बॅग तुमच्याबरोबर येते, ती कायमची डिस्क. उशीखालचं गेलं. कंपनी म्हणते, आम्ही सांगितलं होतं. सांगितलं होतंच.

शनिवारी मी लॅपटॉप उघडा टाकून झोपायला गेले. सासूबाईंनी पाहिलं — मशीन चालू, जवळ कोणी नाही, झाडांचा रसही थांबलेला, आणि समोर बंद करायचं बटण. मांजरापुढे दूध ठेवल्यासारखंच की. रविवारी चर्चहून आल्यावर स्वतःच चालू करून दिलं, वर म्हणाल्या, ‘रात्रभर उगाच जळत होतं गं.’ मी थँक यू म्हटलं. काय म्हणणार? मशीन ठणठणीत, प्रोग्रॅम जागेवर, आणि चपळ डिस्क धुऊन पुसून लख्ख. अख्खा हंगाम गेला. नक्कल? नक्कल असती तर मी इथे तुमच्याशी मोटेलच्या गोष्टी करत बसले असते का? आता ठेवते — आकडे कायमच्या डिस्कवर, चपळीवर नुसती कच्ची आकडेमोड, गेली तरी गेली, मशीन उठलं की तिथलं रिकामं फोल्डर आपोआप तयार होतं. शहाणपण आलंय. हंगाम संपल्यावर.

काय होते म्हणजे? आकडेच होते. ...बरं, शुक्रवारी मी पाहिले होते. पूर्वेचा उतार — अल्डन ज्याला थकला, म्हातारा झाला म्हणतात, जो तुम्हाला तोडायला देतायत, तोच — निम्म्याहून जास्त रस एकटा तो देत होता. पश्चिमेचे तरुण मेपल नुसतेच देखणे.

कुणाला माहीत? मला. आणि आता तुम्हाला, माझी जीभ सैल म्हणून. वेसला नाही. वेस तुमच्या लाकडाच्या पैशातून तळ्याकाठी आमचं घर बांधणार आहे, रोज जेवताना नकाशात खिडक्या सरकवतो. माझं घर, मिस्टर ट्रॅस्क. तिथे मी दिवा लावीन आणि तो लागलेला राहील. मग मी कोणत्या तोंडाने त्याला सांगू? आणि अल्डन म्हणणार, दाखव आकडे — काय दाखवू, रिकामी डिस्क? नव्या सुनेच्या शब्दावर कुणी सौदा मोडत नाही. बघा, किती सोयीचं झालं. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या मनासारखं केलं, आणि त्यांना पत्ताही नाही.

असं बघू नका. मी काही केलेलं नाही. गप्प बसले फक्त — आणि गप्प बसण्यात या घरात माझा हात कुणी धरणार नाही.

काय? ...हं. तुम्हालाही ती झाडं थकलेली वाटली नव्हती तर. मग बोलला का नाहीत? बरोबर, तुमचा धंदा आहे. माझं घर आहे, तुमचा धंदा आहे. छान जमलं असतं आपलं.

ही अल्डनचीच गाडी. ऐका, तुम्ही काही बोलू नका, मी सांगते — आकडे गेले, पण मी पाहिलेत. एक हंगाम थांबा, पुन्हा मोजते. चिडतील. चिडू देत. वेसही चिडेल, तो तर न बोलता चिडतो. एक हंगाम म्हणजे अजून एक अख्खा हिवाळा त्या वरच्या खोलीत, कळतंय ना तुम्हाला? मग उठा. मागच्या दाराने जा, अल्डनच्या हातात पेन येण्याआधी. कॉफी राहू द्या. निघा म्हटलं ना — चांगुलपणा मला फार वेळ जमत नाही.