बूच तुमच्या हद्दीत

(घर हलवायचा दिवस. बैठकीच्या खोलीत खोक्यांची रास, खिडकीखाली ट्रक. मधोमध मोकळ्या फरशीवर व्हिस्कीची एक न उघडलेली बाटली.)

धाकटी : नाही म्हणजे नाही. फुटणारं, सांडणारं आणि तुमचं, असं काहीही माझ्या खोक्यात जाणार नाही.

मोजणीदार : अगं, निम्मीच माझी आहे!

धाकटी : मग निम्मीच सांडेल. सामान समुद्रापार नेणाऱ्या जहाजवाल्यांनी बजावून सांगितलंय, पातळ पदार्थ नेणार नाही. माझं केसांचं तेल बाहेर काढून ठेवलं त्यांनी, आणि तुमची व्हिस्की डोक्यावर घेऊन नाचणार आहेत?

मोजणीदार : म्हणून तर साडूंना बोलावलंय! आज काय तो सोक्षमोक्ष! अठरा वर्षं, अठरा वर्षं वाट बघतोय मी. आज बूच निघणार! बघ, बघ माझे हात कसे थरथरताहेत.

धाकटी : सकाळपासून कपाटं उचलून थरथरत असतील.

मोजणीदार : कपाटं तू उचललीस.

धाकटी : मग आनंदानंच असतील. या भाऊजी, या. दाराचं पायपुसणं पॅक झालंय, चपला घालूनच या.

औषधवाला : बाटली कोणी हलवली?

मोजणीदार : या साडूभाऊ! कोणी नाही हलवली. कपाट हललं, बाटली जागच्या जागी राहिली. मी स्वतः धरून उभा होतो.

धाकटी : तासभर. त्यामुळेच कपाटं मी उचलली.

औषधवाला : उत्तम. मी पूर्ण तयारीनिशी आलोय. हा पेला. हा ड्रॉपर, नवा आहे, लहान मुलांच्या नाकात घालायचा. हे उकळून गार केलेलं पाणी. दोन दिवस टूथपेस्ट लावलेली नाही. आज साबणही नाही.

धाकटी : तरीच म्हटलं, भाऊजी एरवी इतक्या लांबून कळत नाहीत.

औषधवाला : टूथपेस्टच्या तोंडानं पहिला घोट घेणं म्हणजे रंगाऱ्याकडून डोळे तपासून घेणं. ही बेटावरची व्हिस्की आहे. हिला धुराचा वास आहे, समुद्राचा आहे, मागून जराशी पट्टी बांधलेल्या जखमेचाही आहे. पेल्यात बोटभर. मग तीन थेंब पाणी. चौथा पडला तर ओतून द्यायची.

मोजणीदार : तीन थेंब! अहो, फिनेल आहे का ते? व्हिस्की कशी हवी? उंच ग्लास, निम्मा बर्फ, वरून सोडा! फसफसून नाकात गेली पाहिजे! पिण्याआधी ऐकू आली पाहिजे! मी सोडा आणलाय, सहा बाटल्या!

औषधवाला : सोड्यात ही व्हिस्की म्हणजे बँडपथकात बासरी.

मोजणीदार : मग बासरीवाल्यानं जोरात वाजवावी!

धाकटी : बर्फ नाहीये. फ्रिज ट्रकमध्ये गेला.

मोजणीदार : ट्रकमध्ये कुठे?

धाकटी : सगळ्यात आत. त्याच्यापुढे दोन पलंग, सोफा आणि तुमचे ते हद्दीचे दगड, जे निवृत्त होताना तुम्ही आठवण म्हणून घरी आणले.

मोजणीदार : ते दगड ऐतिहासिक आहेत.

धाकटी : जहाजवाले म्हणाले, वजन ऐतिहासिक आहे. अहो, तो ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. तासाभरात निघायचंय त्याला. उघडा की एकदाची!

मोजणीदार : मी काय उघडणार? बूच यांच्या हद्दीत!

धाकटी : आलं. आलं हे परत.

मोजणीदार : येणारच! बाटली दोघांनी मिळून घेतली. मी सरकारी मोजणीदार, हयातभर लोकांच्या जमिनी मोजल्या. म्हटलं, पुढे भाऊबंदकी नको. बाटलीचा तळ रुंद, मान निमुळती, सगळा हिशेब धरून बरोब्बर निम्म्यावर रेघ मारली. ही बघ, अजून हललेली नाही! वरचा वाटा साडूंचा, खालचा माझा.

औषधवाला : आणि खालचा तुम्हीच मागून घेतलात. खालची जमीन कसदार असते म्हणून.

मोजणीदार : असतेच! फक्त माझ्या लक्षात आलं नाही, की माझ्या जमिनीला रस्ताच नाही. तुम्ही वरचा वाटा प्यायल्याशिवाय मला माझ्या वाट्यात पाऊल टाकता येत नाही. अठरा वर्षं मी वहिवाट मागतोय!

धाकटी : मी म्हटलं होतं, स्ट्रॉ घाला.

औषधवाला : स्ट्रॉ माझ्या हद्दीतून जाते. मी तेव्हाच हरकत घेतली होती.

मोजणीदार : लेकाच्या लग्नात म्हटलं, उघडा. हे म्हणाले, गर्दी फार आहे. मी निवृत्त झालो, म्हटलं, आता उघडा. हे म्हणाले, गर्दीच नाही. अहो, बारा वर्षांची होऊन आली होती घरी. आता तिशीची झाली ती!

औषधवाला : बाटलीत वय वाढत नाही. पिंपात असते तोवर वाढतं. एकदा बाटलीत गेलेली व्हिस्की आणि एकदा सरकारी नोकरीत लागलेला माणूस, दोघं तिथेच थांबतात.

मोजणीदार : चालेल! आज मला बोला, काय वाट्टेल ते बोला. पण उघडा! हा घ्या फडका. फिरवा!

औषधवाला : थांबा. जरा उजेडात धरा बाटली.

धाकटी : आता काय?

औषधवाला : पातळी खाली गेली आहे. बुचातून उडालीय. पूर्वी इथपर्यंत होती, मानेपर्यंत. आता खांद्यावर आहे.

मोजणीदार : अठरा वर्षांत माझेही खांदे उतरलेत.

औषधवाला : तुमचा वाटा जसाच्या तसा आहे. उडाली ती सगळी माझ्यातून. ताबा तुमच्याकडे होता, म्हणजे जबाबदारीही तुमची. भरपाई म्हणून रेघ खाली घ्या.

मोजणीदार : रेघ खाली? अहो, नदीकाठची जमीन घेतलीत, काठ खचला, तर शेजाऱ्याचा बांध सरकवता का? मोजणी एकदाच होते!

औषधवाला : फेरमोजणीचा अर्ज करतो मी.

मोजणीदार : करा! माझ्याकडेच करावा लागेल, आणि मी निवृत्त आहे!

धाकटी : तुम्ही दोघं आधी खाली बसा. दोघांनाही रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि त्या कुठल्या खोक्यात आहेत ते मला आठवत नाहीये. भाऊजी, रेघ खाली घेतली. मी घेतली. ही बघा, बोटानं. आता उघडा.

औषधवाला : खोलीत चिकटपट्टीचा वास आहे.

धाकटी : खिडकी उघडली.

औषधवाला : आता डिझेलचा येतोय.

धाकटी : लावली.

औषधवाला : पेला एकच आहे. तिघं आहोत.

मोजणीदार : माझा दाढीचा मग आहे ना! हिला फुलदाणी देऊ!

औषधवाला : दाढीच्या मगात? मग आज नकोच. घाईघाईत असली गोष्ट करू नये. असं करू, मी बाटली घरी नेतो, नीट उभी ठेवतो, आणि पुढे कधी तुम्ही आलात की निवांत...

मोजणीदार : पुढे कधी? साडूभाऊ, आज रात्रीचं विमान आहे माझं! समुद्रापलीकडे लेकाकडे राहायला चाललोय मी, कोपऱ्यावर सोडा आणायला नाही!

धाकटी : अहो, जरा गप्प बसा.

मोजणीदार : मी का गप्प...

धाकटी : बसा म्हणते ना. भाऊजी, माझ्याकडे बघा. तुम्ही दोन दिवस दात घासले नाहीत, नाकातला ड्रॉपर घेऊन आलात. तुम्हाला प्यायची आहे. पण उघडायची नाहीये. कधीच नव्हती का?

औषधवाला : पूर्वी नुसती गंमत होती. यांना चिडवायची. हे चिडले की तुझी ताई इतकी हसायची की तिला खुर्ची धरावी लागायची. म्हणून लांबवली.

धाकटी : आणि ताई गेल्यावर?

औषधवाला : ती गेल्यावर दर रविवारी मी इथे यायचो. काय म्हणून यायचो? दोघी बहिणींमुळे आम्ही साडू. त्यातली एक नाही. नुसतं ये-जा करायला माणसाला काही कारण लागतं. माझी इथे मालमत्ता होती, ती बघायला येत होतो. उघडली, संपली, की मग माझं इथे काय?

मोजणीदार : थांबा, थांबा. ती बाटली इकडे द्या.

धाकटी : अहो, आता काय?

मोजणीदार : मी विचार करतोय. मोजणीचा विचार करतोय! साडूभाऊ, तुम्ही औषधं विकता, पण जमिनीतलं तुम्हाला काडीचं कळत नाही. वरचा वाटा संपला, तर बाटली संपते का?

औषधवाला : खालचा राहतो. तुमचा.

मोजणीदार : माझा! आणि बाटली राहणार कुठे? जहाजवाले नेत नाहीत, विमानात उघडी बाटली चालत नाही. ती तुमच्या घरात राहणार! म्हणजे तुमच्या कपाटात माझी जमीन! आजवर तुम्ही मालमत्ता बघायला यायचात, आता मी येणार! तुमच्या दारातून, तुमच्या स्वयंपाकघरातून थेट कपाटापर्यंत, वहिवाटीचा हक्क! अडवून दाखवा!

धाकटी : अगंबाई. याला म्हणतात डोकं. कुठे ठेवलं होतंत इतकी वर्षं?

औषधवाला : पण एक अडचण आहे. उघडलेली बाटली फार काळ टिकत नाही. रेघेपर्यंत आली, की आत निम्मी हवा. मग सहा महिने, फार तर वर्ष. पुढे चव उतरते. हे मी विक्रेता म्हणून सांगतोय, साडू म्हणून नाही.

मोजणीदार : तर वर्षाच्या आत यावं लागेल! सक्तीनं! जमीन पडीक ठेवली तर जाते!

धाकटी : तिकिटं मी काढते. यांच्यावर सोडलं तर हे विमानाची हद्द मोजत बसतील. भाऊजी, तुम्ही किती दिवसांत रेघेपर्यंत याल?

औषधवाला : रविवारी बोटभर घेतली, तर... तुम्ही सांगा. हळू पिऊ की भरभर?

धाकटी : भरभर. पण डॉक्टरांना विचारून.

मोजणीदार : आता फिरवा! फिरवा हो! ड्रायव्हर आता भोंग्यावर बसलाय बहुतेक! ...निघालं! निघालं का? आवाज आला! ऐकलात?

औषधवाला : निम्मं आलं. निम्मं आत तुटलं.

मोजणीदार : म्हणजे बूचसुद्धा बरोब्बर निम्म्यावर!

धाकटी : थांबा, माझ्या केसातली पिन घ्या. हळू. हं. आलं बघा. अरे बापरे, काय हा वास! कोणाचं तरी घर जळतंय.

औषधवाला : किनाऱ्यावरचं. छान जळतंय.

मोजणीदार : द्या ड्रॉपर! चला, पहिला घोट तुमच्या पद्धतीनं. मालक तुम्ही. तीन थेंब तर तीन थेंब, मी मोजतो.

औषधवाला : नको. गरम पाणी आहे का?

मोजणीदार : गरम पाणी? तुम्ही?

औषधवाला : हिची ताई तशी घ्यायची. चहाच्या कपात, गरम पाणी, चमचाभर साखर. पंचवीस वर्षं मी तिला सांगत होतो, हा काढा आहे, व्हिस्की नाही. ती म्हणायची, तुमची व्हिस्की तपासायची असते, माझी प्यायची असते.

धाकटी : किटली ट्रकमध्ये आहे, भाऊजी. गॅसही काढला. गिझर चालू आहे अजून.

औषधवाला : गिझरचं चालेल.

मोजणीदार : गिझरचं! बेटावरच्या व्हिस्कीत न्हाणीघरातलं पाणी! अगं पळ, यांचं मन बदलायच्या आत पळ!

धाकटी : आणलं. साखर माझ्या पर्समध्ये आहे, हॉटेलातल्या पुड्या. हसू नका, आता उपयोगी पडल्या ना? घ्या, दाढीचा मग तुम्हाला, पेला भाऊजींना, फुलदाणी माझी. फुलदाणीत जरा जास्त घाला, तळ खोल आहे.

मोजणीदार : घेऊ? घेतो हं! ...आईशप्पथ.

धाकटी : काय झालं?

मोजणीदार : नाकात गेली! सोडा नसताना! छातीत शेकोटी पेटली हो! साडूभाऊ, ही चांगली आहे! हे सगळं चुकीचं आहे आणि हे चांगलं आहे! थोडी दाढीच्या साबणाची चव आहे, पण तीसुद्धा बरी लागतेय!

धाकटी : मला ताईचं स्वयंपाकघर आठवलं. सर्दी झाली की मलाही द्यायची, गुपचूप. मला सर्दी फार वेळा व्हायची.

औषधवाला : हं.

मोजणीदार : नुसतं हं काय? अठरा वर्षांनी हं? बोला ना! काढा आहे की व्हिस्की?

औषधवाला : थांबा. अजून एक घोट घेऊ दे.

मोजणीदार : घ्या, घ्या! तुमचाच वाटा आहे! आलो हो ड्रायव्हर, आलो! ओरडू नका, इथे महत्त्वाचं काम चाललंय! ...मग?

औषधवाला : तिचं बरोबर होतं.

धाकटी : भाऊजी, रडताय का तुम्ही?

औषधवाला : धूर आहे गं तिच्यात. आधीच सांगितलं होतं मी.

मोजणीदार : उठा. चला. मी दिवाणखान्याचे दिवे बघतो, तू किल्ल्या घे. साडूभाऊ, बाटली अशी छातीशी धरा, दोन्ही हातांनी. पायऱ्यांवर जपून. आणि ती सोड्याच्या सहा बाटल्यांची पिशवी, ती पण न्या. मी येईन तेव्हा लागेल. बरं, अजून काही? काही राहिलं का?

औषधवाला : नाही. पोचलात की फोन करा.

धाकटी : करू हं.

औषधवाला : वाटेत केलात तरी चालेल.