उजव्या पायाचा गिअर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, मंडळाचे पदाधिकारी आणि आपापल्या जुन्या गाड्या बाहेर रांगेत लावून आत बसलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्या यजमानांचा, आनंदरावांचा, मंडळाने मरणोत्तर सत्कार केला. शाल माझ्या खांद्यावर घातली. आभारी आहे. मी कचेरीत कारकून होते. माईकसमोर उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. दोन शब्द बोला म्हणालात, म्हणून बोलते.

खापरखेड्याची नोकरी आणि एकावन्न सालची मॅचलेस मोटारसायकल, एवढाच त्यांचा संसार. माझा नंबर तिसरा, असं तेच सांगायचे. इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेलो तर मी दुकानात आणि हे बाहेर, जमलेल्या लोकांना समजावत: “इंग्रजाची गाडी आहे गा. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक. इचं सारंच उलटं!” बेचाळीस वर्षं ही एकच गाडी चालवली. एसटीत बसले, तरी वळणावर त्यांचा डावा पाय खाली दाबला जायचा. मी हसायची.

गेल्या जानेवारीत मंडळाने मिरवणुकीसाठी गाडी मागून नेली. चालवणाऱ्यांना डाव्या गिअरची सवय. म्हणून आपले सचिव रविंद्रभाऊ यांनी गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे करून घेतला. आम्हाला कळवलं नाही. गाडी परत मिळाली ती थेट मंडळाच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, हिंगण्याला, टेम्पोतून.

“काहून बदलवलं गा, रविंद्र? मले विचारलं का?”

“काका, पोरांले जमत नव्हतं ना. आजच्या दिवस चालवून घ्या. तुमच्यासारख्याले काय कठीण आहे? सोमवारी उजवीकडे करून देतो.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय करू वं, सुभद्रा? शर्यत राहू देऊ का?”

मी काय म्हटलं, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, “नाव पुकारून झालं. जा. साऱ्यांसमोर तमाशा नका करू.”

मला तमाशा आवडत नाही. कधीच आवडला नाही.

दुसऱ्या फेरीत बाजूच्या रस्त्याने ट्रॅक्टर आडवा आला. मी पाहत होते. यांनी ब्रेक दाबला. डाव्या पायाने. तिथे ब्रेक नव्हता.

आज प्रत्येक खुर्चीवर स्मरणिका ठेवली आहे. पान सातवर छापलंय, “वाढत्या वयामुळे त्यांचा गाडीवरचा ताबा सुटला.” त्या सकाळी हिंगण्याला असलेले निम्मे लोक या सभागृहात आहेत. हे वाक्य छापताना एकालाही अडखळायला झालं नाही?

आत येताना मॅचलेस पाहिली. दुरुस्त करून, झेंडूचा हार घालून दारात उभी केली आहे. मी वाकून पाहिलं. गिअर उजवीकडे आहे. रविंद्रभाऊ, तुम्ही शब्दाचे पक्के. फक्त तो सोमवार यायला उशीर झाला.

शाल मी ठेवते, ती यांच्या नावाची आहे. पान सात मात्र बदला. काय झालं ते लिहा, आणि “जा” कोण म्हणालं तेही लिहा. माझं नाव पूर्ण घाला.

अध्यक्ष महोदय, तुमचा वेळ घेतला. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर मला माफ करा. यांचं काही चुकलं नव्हतं.