विलायतेचा कोट

जव्हारच्या बाजारात मुनाफ दर्जी लाडक्याच्या कोटाचं माप घेत होता. मिशनच्या कामाला लाडक्या पहिल्यांदाच विलायतेला निघाला होता. त्याची आई रामी उंबऱ्यावर बसली होती.

"हात सरळ धर. लक्ष कुठंय तुझं?" मुनाफ म्हणाला.

"तिथं भाषण करायचंय, मुनाफभाई. चुकलो तर?"

"मला म्हणून दाखव," रामी म्हणाली.

"नको, आये."

"म्हण रं."

"'संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात माझे आईबाप मेले. मिशननं मला वाढवलं.'"

मुनाफचा हात थांबला.

"मी मेले?" रामीनं विचारलं.

"पाद्रीसाहेबांनी लिहून दिलंय. आई मेली म्हटलं की तिथल्या लोकांना पाझर फुटतो."

"अन् दुष्काळात सोता कंद खाऊन तुला नागलीची भाकर कुणी भरवली?"

"आये, आता पाठ झालंय. बदललं तर अडखळेन."

रामी उठली.

"भाई, कोट जाड कापडाचा शिव. बिनआईचं पोर हाय."