कोंबडीचं पडवळ

पळवलाय हो, माझा बाप पळवलाय! दिवसाढवळ्या, भरल्या घरातून! नाव नाही घ्यायची मी कुणाचं, मला भांडण नको... पण ज्यानं कुणी पळवलाय त्यानं जळोचीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आरशासमोर उभं राहावं आणि स्वतःलाच विचारावं, की आठ महिने ही अबोली काय गवत उपटत होती?

तुम्हाला सांगते, आमचे आबा, अंथुर्ण्यात पेरूची बाग, आवाज असा की बागेतनं हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबते... तर ह्या आबांना दिवाळीनंतर दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, तेल जवळपास बंद. मी तिथंच उभी! म्हटलं, डॉक्टर, काळजीच सोडा, मी पोषणशास्त्र शिकलेय, घरात मी आहे!

आणि लागले ना कामाला! फडताळाच्या दारावर पथ्याचा तक्ता चिकटवला, स्वतः रंगवलेला. आईच्या हातातली तेलाची किटली काढून घेतली आणि चहाचा चमचा दिला. आई म्हणाली, "ह्यात फोडणी कशी मावायची गं? मोहरी तरी बसंल का?" मी पडवळ उकडलं, दुधी उकडला, दोडका उकडला... आणि आबा ताटाकडं असे बघायचे, जसा काही मार्केटमधून त्यांचा माल परत आलाय! "पोरी, आमी म्हशीला वैरण घालतो ती बी ह्यापरीस चवीची असती."

सहन केलं. कारण माणूस जगला पाहिजे, चव काय, येईल नंतर!

आणि मग तो मिहिर... घेतलं का मी नाव? जाऊ दे, घेतलं. माझा चुलत भाऊ, बारामतीला जळोचीत राहतो. घरी बसून कंप्युटरवर नोकरी, भाताला पाणी किती घालायचं ते अजून मला फोन करून विचारतो! त्यानं एअर फ्रायर आणला. घागरीएवढं काळं मशीन, खाली ड्रॉवर, आत गरम वारा. त्यात पाकिटातली चिकनची सॉसेज टाकली आणि आबांना बोलावलं. "आबा, तेलाचा एक थेंब नाही बघा!"

झालं! आबा घरी आले ते तरंगतच. "यशोदे, मिहिरनं कोंबडीचं पडवळ केलतं! वाऱ्यावर शिजवलेलं! पथ्याचं खाणं असावं तर असं!"

कोंबडीचं पडवळ! आणि मी केलेलं ते पडवळाचं पडवळ, त्याचं काय? आठ महिने मी काय गवत उपटत होते?

बरं, एकदा नाही, दर रविवारी! जे आबा तपासणीला चला म्हटलं की "बागेला पाणी हाय" म्हणायचे, ते आता इस्त्रीचा सदरा, हातात पेरूची पिशवी, सकाळच्या एसटीनं बारामती! मी मारुतीच्या देवळापुढं तेलावर व्याख्यान दिलं होतं, पाच माणसं आली, त्यातली दोघं वडापाव खात होती. आणि आबा पारावर बसून एकदाच म्हणाले, वाऱ्यावर शिजतं... तर शेजारच्या रंगूबाई मलाच विचारतात, "आगं, तुला कसं सुचलं न्हाय हे?"

मी सांगितलं हो! आबा, त्या सॉसेजच्या मांसातच चरबी असते, वर मीठ, पाकिटावर छापलंय, वाचा! आबा म्हणतात, "जळू नगं पोरी. भाऊ हाय तुझा."

जळू? मी जळते? ...हो, जळते! काय करता? त्याचं मशीन घाला चुलीत, मला ते नको. पण तो एकदा बोलतो आणि आबा मान डोलावतात... तशी मान माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा...

असो. तर सहाव्या रविवारी मी गेलेच मागोमाग. दार उघडंच होतं. मिहिर शिट्टी वाजवत सॉसेज ताटात काढून बाहेरच्या खोलीत निघालेला, आणि आबा ओट्यापाशी एकटे. त्यांनी ड्रॉवरमधली जाळी उचलली. खाली काय? चरबी! पिवळीधमक, चकाकणारी, चांगली अर्धी वाटी! आबांनी पिशवीतून भाकरी काढली, घरून आणलेली, आईनं फडक्यात बांधून दिलेली, ती ताटलीत कुस्करली, आणि ड्रॉवर उचलून तिच्यावर ओतायला लागले!

"आबा! हे काय खाताय?"

"रस्सा."

"हा रस्सा नाही, ही चरबी आहे!"

"खुळी का काय तू? मशीनला तेल लागतच न्हाय, मग ह्यात तेल येईल कुठनं? बिनतेलाचा रस्सा हाय ह्यो. टाकून द्यायचा व्हय?"

सहा रविवार! दोन स्टेंटवर सहा रविवार रस्सा! आणि मिहिर म्हणतो काय, "मला वाटायचं, आबा ड्रॉवर धुऊन ठेवतात. इतका स्वच्छ असायचा..." अरे, भाकरीनं पुसून खाल्ल्यावर राहणार काय त्यात!

मी उरलेली चरबी वाटीत काढली आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवली. थोड्या वेळानं वाटी आबांच्या पुढ्यात उलटी धरली. थेंब पडला नाही. पांढरी, घट्ट, मेणासारखी. "आबा, रस्सा असा गोठतो?"

आबांनी वाटीकडं बघितलं. बोटानं टोकरलं. चेहरा उतरला. मला वाटलं, आता! आता बघतील माझ्याकडं!

आबांनी मान वळवली. "मिहिर, खरं का रे हे?"

"हो आबा. चरबीच आहे. नका खाऊ."

आबांनी ताटली लगेच लांब सारली. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय कुणी!"

कुणी! कुणी म्हणे! आठ महिने मी काय गवत उपटत होते?

आता कसं चाललंय सांगू? रोज सकाळी मी आबांचं खाणं ठरवते, मिहिरला लिहून पाठवते, तो ते आपल्या आवाजात बोलून आबांच्या फोनवर पाठवतो. "आबा, आज पडवळ. तेल एक चमचा." आबा बागेत फोन कानाला लावून ऐकतात, घरी येऊन आईला सांगतात, "मिहिर पडवळ म्हणतोय," आणि तेच पडवळ, माझंच, माझ्याच हातचं, दोनदा मागून घेतात! रविवारी तर मशीनमध्ये सुद्धा पडवळच!

परवा रिपोर्ट आले. छान आले. डॉक्टर खूश. आबांनी आळीत पेरू वाटले, सगळ्यात मोठी करंडी जळोचीला. मी म्हटलं, बाप जगतोय ना, मग नाव कुणाचं का होईना... स्वयंपाकघरात जाऊन पडवळ चिरायला बसले.

तेवढ्यात रंगूबाई आल्या. माझ्या तक्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला आणि मायेनं म्हणाल्या, "नाराज नगं होऊ पोरी. जा की चार दिवस मिहिरकडं, पथ्याचं कसं करायचं ते शिकवंल तो तुला बी."