आठ नावांची चिठ्ठी

(न्यू जर्सीतलं एक गाव, नोव्हेंबर १८०८. खाणावळीत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं मतदान चाललं आहे. मतांच्या डब्यापाशी मतदान अधिकारी एझ्रा बसला आहे.)

एझ्रा : वहिनी, डब्यावरचा हात काढा. मागे रांग खोळंबलीय.

लिडिया : खोळंबू दे. चार वर्षांपूर्वी याच डब्यात मी मत टाकलंय, भावजी. ‘विधवा लिडिया व्रीलँड, स्वतःची जमीन’ असं तुम्हीच खणखणीत पुकारलं होतंत.

एझ्रा : तेव्हा कायद्यात बसत होतं. गेल्या साली कायदा फिरला. आता मत फक्त गोऱ्या पुरुषांचं.

लिडिया : का? माझी जमीन आटली, की अक्कल?

एझ्रा : काही बहाद्दरांनी बायकांचे झगे चढवून दोन-दोनदा मतं टाकली म्हणतात. म्हणून.

लिडिया : वा! लबाडी पुरुषांची आणि खापर झग्यावर!

गिल्बर्ट : बाई बरोबर बोलल्या हं!

एझ्रा : गिल्बर्ट, तू चिठ्ठी टाक आणि चालू लाग. वहिनी, का हसं करून घेताय?

लिडिया : मागच्या निकालाला माझ्याच ओसरीवर सफरचंदाची दारू ढोसलीत ना? ‘वहिनी, तुमच्या मतानं राष्ट्राध्यक्ष आला’ म्हणालात.

एझ्रा : गमतीनं म्हणालो.

लिडिया : मी मत गमतीनं दिलं नव्हतं.

एझ्रा : यंदा तुमच्यावाचूनही निकाल लागेल.

गिल्बर्ट : अगदीच त्यांच्यावाचून नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या आठ जणांची नावं लिहायची, मला कुठली जमायला! माझी चिठ्ठी बाईंनीच लिहिलीय. पाणचक्कीवाल्यांचीही.

एझ्रा : काय? किती जणांना लिहून दिल्यात?

लिडिया : दारात आला त्याला. त्यानं सांगितली तीच नावं. कुणाचं मत फिरवलं नाही मी.

एझ्रा : बाईच्या हातच्या चिठ्ठ्या! सगळ्या बाद करीन.

लिडिया : करा की. तुमच्यापासून सुरुवात करा.

एझ्रा : माझ्यापासून?

लिडिया : परवा जाऊबाई आल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांचा हात थरथरतो, लिहून द्या.

गिल्बर्ट : अरे देवा!

एझ्रा : वहिनी... हळू बोला.

लिडिया : आता नाही हळू बोलणार.

एझ्रा : बरं, नाही करत बाद. झालं? आणि ती हातात कुठली?

लिडिया : ही माझी. डब्यात चालत नाही ना? बाहेर दारावर ठोकते. खाली सही केलीय. मोजू नका, भावजी. येता-जाता वाचा.