साहेबापुढं इंग्रजीच बोल

न्हाय न्हाय, असं मधनंच इचारू नगासा पावणं — अर्ध्यातनं ऐकलं की अर्धंच कळतंय. बसा नीट, चहा टाकलाय, पहिल्यापास्नं सांगती. ह्या कसबा बावड्यात एक आबा हुता, साखर कारखान्यात कामाला. त्येची एक बायकू हुती शेवंता — ती मीच की — आणि त्या दोघांच्या पदरात एक नात हुती, प्रीती. आई लहानपनीच गेली, बापानं दुसरं लगीन केलं नि तो तिकडचाच झाला — जाऊ द्या, त्येचं नाव कशाला. पोर आमच्याजवळ वाढली. शिकली, पुण्याला नर्स झाली, आणि ड्युटी सुटली की सांजच्याला फ्रेंच भाषेच्या वर्गाला जाय लागली. आबा म्हणला, "फ्रेंच? कोल्हापुरात कुनासंगं बोलणार गं, रंकाळ्यातल्या बदकासंगं?" ती म्हणली, "बदकं न्हाय तर न्हाय, आबा, तुमीच शिका." आणि शिकला की वो म्हातारा! सकाळी उठला की "बोंजूर शेवंताबाई" — मी म्हणायची, बोंजूर ऱ्हाऊ दे, म्हशीला पेंड घाला आदी.

तर तुमचं कसं हाय गणपतराव — कबनूरला तुमचे कापडाचे माग, आणि तुमचा पोरगा धैर्यशील म्हणतोय माग नगं, मी फ्रेंच शिकून कॅनडाला जातो. तुमास्नी वाटतंय ह्यो कुठल्यातरी एजंटाचा डाव हाय. व्हय का न्हाय? डाव न्हाय. खरं हाय. त्या देशाला सरकारी भाषाच दोन — इंग्रजी नि फ्रेंच. क्युबेक का काय म्हणत्यात, तितं समदीच फ्रेंच बोलत्यात, त्येंची काळजी न्हाय. पर बाकीच्या मुलखात कसं — चौफेर इंग्रजी, आणि मधी एखादं फ्रेंच गाव, घोंगडीला ठिगळ असावं तसं. मला लगीच कळलं. माझं म्हायेर निपाणीकडचं, घरात मराठी नि कचेरीत कन्नड, आमाला काय सांगताय! पोरं कमी झाली की शाळा जाती, आणि शाळा गेली की भाषा म्हाताऱ्यांजवळच ऱ्हाती. म्हणून त्या सरकारनं ठरवलं, भाईरच्या देशातनं फ्रेंच बोलणारी माणसं आणायची नि ह्या गावांत बसवायची. प्रीतीला त्या फ्रेंचपायीच तिकडं ऱ्हायाचं कागद मिळालं. अतुलसंगं लगीन झालंतं — फिटर हाय, गुणाचा हाय, फ्रेंच म्हणशीला तर शून्य — दोघं गेली, असल्याच एका ठिगळाएवढ्या गावात. दोन हजार एक साल.

आणि झालं काय? काय न्हाय झालं! विमानतळावर घ्याय फ्रेंचमधी बोलणारा आला, तेवढाच. फुडं ब्यांकेत इंग्रजी, बसमधी इंग्रजी, दवाखान्यात कामाला इचारायला गेली तर इंग्रजी — आणि तुमचं नर्सचं शिक्षण आमच्याकडं चालत न्हाय, परत परीक्षा द्या. तवर काय? तवर चादरी धुवायच्या नि घड्या घालायच्या. पुण्यात जिच्या हाताखाली चार नर्सा हुत्या ती पोर! फोनवर हसून सांगायची, "आजी, घड्या लई छान घालते मी आता." मी बी हसायची. फोन ठेवला की आबा माझ्याकडं बघायचा न्हाय, मी त्येच्याकडं बघायची न्हाय.

वर्सभरानं तिचा फोन — आजी, पार्लमेंटातली माणसं आमच्या गावात येणार हैत. मी म्हणलं मतं मागाय? न्हाय म्हणली. तितल्या पार्लमेंटात भाषांवर नजर ठिवायला एक कमिटी हाय. सरकार दोनी भाषा नीट चालवतंय का, ते बघायचं, आणि न्हाय चालवलं तर मंत्र्याला जाब इचारायचा. भाईरनं आणलेली फ्रेंच माणसं ह्या बारक्या गावांत टिकत का न्हाईत, मोठ्या शहरात का पळत्यात — ते इचाराय ती माणसं गावोगाव हिंडालती. बघा की! निपाणीत आमच्या आळीला असं इचाराय साधा शिपाई आला न्हाय कधी, आणि तितं इमानानं येऊन इचारत्यात — बाई, तुमची भाषा बरी हाय का? आणि त्यात प्रीतीलाबी बोलाय बोलावलंतं.

पोर घाबरली. म्हणली, आजी, काय बोलू? आता मला काय कळतंय — मी शाळंची पायरी चढलेली न्हाय. पर कचेरीची चढलीया! कचेरीत मी मराठीत इचारलं की "उद्या या." प्रीतीनं इंग्रजीत इचारलं की "बसा म्याडम." डोळ्यानं बघितलंय मी. म्हणून ठासून सांगितलं — प्रीते, साहेबापुढं इंग्रजीच बोल. आबा बी मागनं वरडला, "इंग्रजीच! फाडफाड!" झालं. पोरीनं पाठ केलं समदं इंग्रजीत. साडी नेसली. गेली.

तितं मोठी खोली, लांबलचक टेबल, परत्येकाच्या फुडं कानाला लावायचं यंत्र — एक भाषा बोलली की यंत्रातनं दुसरी ऐकू येती. हिनं तोंड उघडलं, फाडफाड इंग्रजी. आणि समोरच्या म्हाताऱ्या मेंबरानं — फ्रेंचवाला हुता त्यो — तोंड एवढंसं करून ते यंत्र उचललं नि कानाला लावलं. प्रीती म्हणली, आजी, ते यंत्र उचललेलं बघितलं तवा माझी चूक मला कळली. फ्रेंचसाठनं आणलेली बाई, फ्रेंचच्या बैठकीत, इंग्रजी बोलालीया! त्येनं इचारलं — फ्रेंचमधी, हळूच — "बाई, तुमी आमची भाषा बोलता म्हणून आलायसा ना?" गेलं समदं, आता कागद रद्द, असं तिच्या मनात. आणि भेलेल्या पोरीच्या तोंडातनं जे आलं ते फ्रेंचमधीच आलं. म्हणली, "साहेब, वर्स झालं, घराभाईर पडलं की हितं इंग्रजीच लागतंय. मला वाटलं, तुमच्यापुढं बी तेच लागंल. आणि माझ्या आजीनंबी तसंच सांगितलं." आख्खी खोली हसली म्हणं! "आजी कुठं असत्यात?" तर "कोल्हापूर." तितल्या पार्लमेंटात बोललेलं समदं लिवून ठिवत्यात — म्हंजी माझं बी आलं की वो त्यात. चहा घ्या, साय आली बघा.

ती माणसं हसली तरी प्रीतीचं भ्या गेलं न्हाय. घरला येऊन फोनवर रडली — आजी, खोटं फ्रेंच सांगून आली असं म्हणतील, परत धाडतील. पंधरा दिस आमाला अन्न ग्वाड लागलं न्हाय. आबा रोज विहारात जाऊन मेणबत्ती लावायचा — पोरीचं कागद टिकू दे. मी बी त्येच्या संगं जायाची. मी बी लावायची. माझी मेणबत्ती कागद रद्द होऊ दे म्हणून — न्हाय, म्हंजी — अहो, पोर घरला आली असती की न्हाय! ह्या दारातनं! त्यात काय वाईट — काय बघताय असं? बिस्किट घ्या. आबाला कधी कळलं न्हाय ते. गेल्या साली गेला बिचारा, न कळताच.

तर — कुनाची मेणबत्ती लागली? आबाची. कागदाला कुनी हात लावला न्हाय. त्या बैठकीत मागं एक बाई बसलीती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घराची मोठी बाई. घरात समदे फ्रेंच म्हातारे, दुखतंय कुठं ते इंग्रजीत सांगता येत न्हाय, आणि ती दोन वर्सं झाली फ्रेंच बोलणारी नर्स धुंडालती. गाव केवढं? आपल्या बावड्याएवढं न्हाय! एका टोकाला ही बाई नर्स हुडकालीया, दुसऱ्या टोकाला नर्स चादरीच्या घड्या घालालीया, आणि दोघींची गाठ घालाय पार्लमेंट यावं लागलं. पंधरा दिसांनी त्या बाईनं प्रीतीचं घर हुडकून तिचा हात धरला. परीक्षेला बसवलं. प्रीती पास झाली, नर्स झाली — पक्की. अतुलला बी म्हाताऱ्यांनीच फ्रेंच शिकवली, पत्ते खेळत. शिव्या पहिल्या शिकला म्हणं.

आता तुमी इचारताय पोराला धाडू का नगं. मी कोण सांगणार? धैर्यशील जाईल बघा, डोळ्यातच दिसतंय त्येच्या. तुमी कबनूरला जावा नि त्येच्या आईला इचारा — नुसतं "बरं हाय" म्हणली तर मानू नगा, जरा बसा तिच्याजवळ, चार येळा इचारा.

आणि उठा आता, उठा. शनवारी प्रीती येतीया — कडंवर तीन वर्सांची लेक घेऊन, आमच्या घरातलं पहिलं पतवंड, तोंड बी बघितलेलं न्हाय अजून मी. दोन म्हैनं ऱ्हाणार हाय. मला गाद्या उन्हात टाकायच्यात. तेवढी ती मोठी धरू लागा, मग जावा.